एकाच संगणकात दोन संसार

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले आणि मंडळांच्या स्मरणिका करून देणारी डीटीपीची दुकाने आजही आहेत. अशा दुकानात एखाद्या मंडळाचा कार्यकर्ता वीस वर्षांपूर्वीची सीडी घेऊन येतो. मंडळाचा सुवर्णमहोत्सव जवळ आलेला असतो. जुन्या स्मरणिकेतले अध्यक्षांचे मनोगत, देणगीदारांची यादी, दिवंगत सभासदांच्या आठवणी नव्या अंकात घ्यायच्या असतात. सीडी चालते, फाइलही दिसते. पण नव्या संगणकावर ती एक तर उघडत नाही, किंवा उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी दिसते. मग दुकानदार कोपऱ्यातला, पिवळा पडलेला संगणक सुरू करतो. त्यावर विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर आहे आणि जुने फॉन्टही आहेत. पाच मिनिटांत मजकूर मराठीत पडद्यावर येतो.

हा कोपऱ्यातला संगणक किती दिवस चालणार, हा खरा प्रश्न आहे. त्याची हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड यांचे सुटे भाग आता नवे मिळत नाहीत. तो बंद पडला की मंडळांचे अहवाल, गृहनिर्माण संस्थांच्या घटना, शाळांचे वार्षिक अंक, पतपेढ्यांची जुनी खाती असे बरेच काही कायमचे कुलूपबंद होण्याची भीती असते. आणि हा प्रश्न आता फक्त एक्सपीचा राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा सुधारणांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. विंडोज ११साठी मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, युईएफआय पद्धतीचा मदरबोर्ड आणि साधारण २०१७नंतरच्या पिढीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारे अनेक संगणक नव्या प्रणालीला अपात्र ठरतात, आणि नवा घेतला तर त्यावर जुनी कामे चालत नाहीत.

या पेचातून निघण्याचा एक मार्ग म्हणजे एकाच संगणकात जुनी आणि नवी अशा दोन ऑपरेटिंग सिस्टीम नांदवणे. ते जमते, पण त्याची रीत आणि पथ्ये समजून घेतली तरच.

फाइल वाचता का येत नाही?

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. जुन्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असत. त्या मुळात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांसाठी होत्या. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच जागांवर काना, वेलांटी, अर्धा क, रफार अशी चित्रे बसवली. श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांसारख्या नावाजलेल्या फॉन्टनी मराठी छपाईचे एक युग सांभाळले. पण कोणती खूण कोणत्या जागी, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवले होते. त्यामुळे फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच आकडे असतात. तो विशिष्ट फॉन्ट असेल तर त्यांचे मराठी दिसते, नसेल तर खिचडी.

युनिकोडने हा गोंधळ मिटवला. त्यात जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. फॉन्ट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय विंडोज २०००पासून आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट प्रसिद्ध अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता.

जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती शंभर टक्के बिनचूक नसतात. कारण लिहिण्याचा क्रमच वेगळा आहे. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना डोळ्यांना जसे दिसते तसे आधी वेलांटी आणि मग ‘क’ साठवला जाई. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी ‘क’ आणि मग वेलांटी. ‘सूर्य’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘य’नंतर येई, युनिकोडमध्ये तो ‘य’च्या आधीचा अर्धा ‘र’ असतो. रूपांतर करणाऱ्या साधनाला हे सगळे फिरवावे लागते आणि जोडाक्षर अवघड असले की ते हमखास अडखळते. म्हणून मूळ पान जसेच्या तसे दाखवणारी जुनी सिस्टीम हाताशी असणे गरजेचे ठरते. मजकूर बरोबर आला की नाही, हे पडताळायचे कशावरून?

प्रश्न फॉन्टपुरताही नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या बऱ्याच फाइल उघडत, त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ते थांबवले. पतपेढ्या आणि दुकानांतून चालणारे डॉसवरचे हिशेबाचे प्रोग्राम तर १६-बिटचे. ६४-बिटच्या विंडोजवर १६-बिटचा प्रोग्राम चालतच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते.

पहिला मार्ग : सांधे बदलायचे

पनवेल जंक्शनवर गाडी कर्जतच्या मार्गाला लावायची की रोह्याच्या, हे रुळांचे सांधे ठरवतात. एका वेळी गाडी एकाच मार्गाने जाते. संगणकात दोन सिस्टीम शेजारी शेजारी ठेवण्याची पहिली पद्धत अशीच आहे. तिला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, एकात जुनी सिस्टीम, दुसऱ्यात नवी. संगणक सुरू करताना ‘बूट लोडर’ नावाचा छोटा प्रोग्राम विचारतो, कोणत्या सिस्टीमने जायचे? दुसरीकडे जायचे असेल तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

या पद्धतीत निवडलेल्या सिस्टीमला संगणकाची सगळी ताकद मिळते. पण काही नियम पाळावे लागतात. पहिला म्हणजे क्रमाचा : आधी जुनी सिस्टीम टाकायची, मग नवी. नव्या सिस्टीमच्या बूट लोडरला जुनी ओळखता येते. जुनीला मात्र आपल्यानंतर कोण आले हे माहीतच नसते. उलटा क्रम झाला तर जुनी सिस्टीम नवीचा बूट लोडर पुसून टाकते आणि नवीकडे जाण्याचा रस्ताच बंद होतो. लिनक्स टाकायची असेल तर तीही विंडोजच्या नंतर.

दुसरा नियम ‘फास्ट स्टार्टअप’चा. विंडोज ८पासून संगणक ‘शट डाउन’ केला तरी तो पुरता बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून सिस्टीम आपला काही भाग डिस्कवर झोपवून ठेवते. त्या अवस्थेत दुसऱ्या सिस्टीममधून त्याच ड्राइव्हवर काही लिहिले, तर पहिली जागी झाल्यावर तिच्या नोंदी आणि प्रत्यक्ष डिस्क यांचा मेळ बसत नाही. फाइली खराब होतात. म्हणून दोन सिस्टीम असलेल्या संगणकावर ही सोय आधी बंद करायची.

तिसरी गोष्ट गमतीची, पण डोकेदुखी वाढवणारी. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक वेळ. भारतात या दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर आहे. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर दुपारच्या बारा वाजता घड्याळ सकाळचे साडेसहा दाखवते. बिलावरची वेळ चुकते आणि फाइलींच्या तारखाही गडबडू शकतात. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक छोटी सूचना दिली की प्रश्न मिटतो.

सर्वांत मोठी अडचण यंत्राची आहे. विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा आजच्या पद्धतीच्या डिस्क, यूएसबी ३ची दारे किंवा युईएफआय हे काही प्रचलित नव्हते. आजच्या संगणकावर एक्सपी टाकायला गेले तर बहुतेक वेळा डिस्क सापडत नाही म्हणून निळा पडदा येतो, किंवा पेनड्राइव्ह ओळखला जात नाही. शिवाय अनेक नव्या लॅपटॉपमधली डिस्क मुळातच सांकेतिक कुलपात असते. बूटच्या व्यवस्थेत हात घातला की ती ‘रिकव्हरी की’ मागते. ही किल्ली आधी लिहून ठेवली नसेल तर स्वतःच्याच फाइलींना मुकण्याची वेळ येते. थोडक्यात, विंडोज १० आणि लिनक्स, किंवा विंडोज १० आणि ११ अशा जोड्यांसाठी ड्युअल बूट चांगले. एक्सपीसारख्या फार जुन्या सिस्टीमसाठी नव्या संगणकावर त्याचा आग्रह धरू नये.

दुसरा मार्ग : घरातला पोटभाडेकरू

दुसरी पद्धत ‘व्हर्च्युअल मशीन’ची, म्हणजे आभासी संगणकाची. यात नवी सिस्टीम घरमालक आणि जुनी तिच्या एका खोलीत राहणारी पोटभाडेकरू. व्हर्च्युअलबॉक्ससारखा एखादा प्रोग्राम नव्या सिस्टीमवर टाकला की तो एक खोटा संगणक उभा करतो. खोटी डिस्क, खोटे नेटवर्क कार्ड, खोटा पडदा. हे सगळे मुद्दाम जुन्या पद्धतीचे असते, त्यामुळे एक्सपीला आपण २००५ सालच्या संगणकावरच आहोत असे वाटते आणि ती निमूट चालते. नव्या सिस्टीमच्या खिडकीतच एक्सपी दिसते. संगणक बंद-चालू करावा लागत नाही.

कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात आयबीएमने एका महागड्या मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक करण्याची पद्धत विकसित केली आणि १९७२मध्ये ‘व्हीएम/३७०’ नावाने ती बाजारात आणली. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ७च्या व्यावसायिक आवृत्त्यांबरोबर ‘एक्सपी मोड’ दिला होता, तो आतून हाच प्रकार होता. आज साध्या ८ जीबी मेमरीच्या संगणकावर एक्सपीची अशी खोली सहज मावते. एक्सपीला ५१२ एमबी मेमरी दिली तरी ती खूश असते. फक्त संगणकाच्या बायोसमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ची सोय चालू आहे की नाही, ते पाहावे लागते.

डीटीपीवाल्यांना दोन ठिकाणी अडायला होते. एक म्हणजे हार्डवेअर लॉक. जुने मराठी सॉफ्टवेअर अनेकदा संगणकाच्या मागे लावायच्या छोट्या लॉकशिवाय चालत नसे. लॉक यूएसबीचे असेल तर ते आभासी संगणकाकडे सोपवता येते. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टचे असेल तर मात्र काम अवघड होते आणि तिथे जुना खरा संगणकच सांभाळावा लागतो. दुसरी अडचण छपाईची. नव्या प्रिंटरचे ड्रायव्हर एक्सपीसाठी निघत नाहीत. त्यावर सोपा उपाय म्हणजे एक्सपीमध्येच पानाची पीडीएफ करायची आणि ती नव्या सिस्टीममधून छापायची.

आभासी संगणकाचा मोठा फायदा असा, की अख्खी जुनी सिस्टीम म्हणजे नव्या संगणकावरची एक मोठी फाइल आणि तिच्यासोबतची थोडी माहिती असते. तिची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. उद्या हा संगणक बिघडला तर ती प्रत दुसऱ्यावर उघडायची. कोपऱ्यातल्या पिवळ्या संगणकाच्या बाबतीत ही सोय कधीच नव्हती. मूळ सॉफ्टवेअरचा परवाना आणि सीडी मात्र जपून ठेवायला हव्यात.

न्हावा-शेवाचा धडा

जुनी सिस्टीम सांभाळण्यातला धोका काय असतो, हे पनवेल परिसराने जवळून पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून झाली. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्याने बंद पाडले आणि त्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. पळस्पे, कळंबोलीवरून रोज ज्या बंदराकडे कंटेनरच्या रांगा जातात, त्यातल्या एका मोठ्या टर्मिनलवर कंटेनर हलेनासे झाले. पूर्ववत होण्यासाठी मर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

यातला तांत्रिक धडा महत्त्वाचा आहे. विंडोजमधली ज्या त्रुटीतून हा प्रोग्राम शिरत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्येच दिली होती. पण नेटवर्कमधला एक जरी संगणक दुरुस्त केलेला नसेल, तर नॉटपेट्या त्यात शिरून तिथले पासवर्ड चोरत असे आणि त्यांच्या मदतीने दुरुस्त केलेल्या संगणकांतही घुसत असे. म्हणजे एका घराचे दार उघडे राहिले तर धोका साऱ्या चाळीला. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी. त्यानंतर सापडलेल्या त्रुटी सामान्य ग्राहकांसाठी बहुतांशी तशाच उघड्या आहेत.

म्हणून जुन्या सिस्टीमचे पहिले पथ्य : तिला इंटरनेट नाही. आभासी संगणकाचे नेटवर्क कार्ड सरळ ‘काढून’ ठेवता येते. ड्युअल बूट असेल तर जुन्या सिस्टीममध्ये वाय-फायचा ड्रायव्हर टाकूच नये आणि केबल काढून ठेवावी. ईमेल, बँकेचे व्यवहार, जीएसटीचे काम नव्या बाजूला. फाइलींची देवाणघेवाण करताना आधी नव्या बाजूला विषाणूची तपासणी, मग जुनीकडे. हेही ध्यानात ठेवायला हवे, की नव्या सिस्टीमवर खंडणीखोर प्रोग्राम आला तर आभासी संगणकाची फाइलही कुलूपबंद होऊ शकते. म्हणून तिची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर हवीच.

दवाखान्यातली आणि कारखान्यातली जुनी यंत्रे

डीटीपीच्या दुकानातला प्रश्न रुग्णालयात अधिक गंभीर होतो. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी यांची यंत्रे दहा-पंधरा वर्षे टिकतात आणि त्यांना जोडलेला संगणक त्या काळच्या विंडोजवरच चालतो. उत्पादकाने यंत्राची चाचणी त्या आवृत्तीवर घेतलेली असते. ती परस्पर बदलली तर अहवाल अचूक येईल याची हमी राहत नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कारखान्यांच्या प्रयोगशाळांपुढेही हाच प्रश्न येतो. यंत्र लाखो रुपयांचे, सुस्थितीतले, पण त्याचा संगणक जुना.

मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’च्या हल्ल्यात ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतल्या सुमारे एकतृतीयांश ट्रस्टचे कामकाज विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तेव्हा दोष एक्सपीला दिला गेला. नंतरच्या तपासणीत दिसले, की बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७वर होते. त्या वेळी विंडोज ७ला आधार होता, दुरुस्तीही उपलब्ध होती, पण ती टाकलेली नव्हती. सिस्टीम नवी असणे पुरेसे नाही, ती अद्ययावत ठेवावी लागते, हा त्याचा अर्थ.

यंत्राला जोडलेल्या संगणकावर ड्युअल बूट किंवा आभासी संगणकाचे प्रयोग उत्पादकाला विचारल्याशिवाय करू नयेत. तिथे योग्य मार्ग म्हणजे तो संगणक वेगळ्या नेटवर्कवर ठेवणे, त्यावर ब्राउझर आणि ईमेल न वापरणे आणि अहवाल दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर नेऊन तिथून रुग्णाला पाठवणे.

कोणी काय करावे?

• जुन्या मराठी फाइली उघडायच्या असतील आणि संगणक नवा असेल, तर आभासी संगणक. इंटरनेट बंद.

• विंडोज ११ न चालणारा, पण धडधाकट संगणक असेल, तर विंडोज १० आणि लिनक्स शेजारी शेजारी. रोजचे इंटरनेटचे काम लिनक्सवर, जुनी कामे विंडोजवर, नेटशिवाय. सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’ या लिनक्सच्या भारतीय आवृत्तीत मराठीची सोय आहे.

• डॉसवरचे जुने प्रोग्राम असतील, तर त्यांच्यासाठी डॉसबॉक्स हे मोफत साधन आधी करून पाहावे.

• डिस्कचे भाग पाडण्यापूर्वी सगळ्या माहितीच्या दोन प्रती, त्यातली एक संगणकाबाहेर. डिस्क कुलपात असेल तर रिकव्हरी की कागदावर.

• जुना संगणक अजून चालत असेल तर तो बंद पडण्याची वाट पाहू नये. त्याच्या डिस्कची प्रत आजच काढावी.

हे सगळे केले तरी दोन सिस्टीमची व्यवस्था कायमची नाही. जुन्या सिस्टीमच्या आधाराने जुना मजकूर नव्यात आणेपर्यंतची ती मुदत आहे. पीडीएफ केली की पान दिसायला जपले जाते, पण जुन्या फॉन्टची पीडीएफ शोधायला गेले तर नाव सापडत नाही, आणि मजकूर उचलला तर पुन्हा तीच खिचडी. म्हणून पान पीडीएफमध्ये आणि मजकूर युनिकोडमध्ये, असे दोन्ही ठेवायला हवे. रूपांतराचे साधन जिथे अडखळते, तिथे छापलेले पान स्कॅन करून त्यातली अक्षरे ओळखून घेण्याचा पर्यायही आता मराठीसाठी बऱ्यापैकी चालतो. शेवटी एकदा कोणीतरी वाचून जोडाक्षरे तपासावीच लागतात.

मंडळाची वीस वर्षांपूर्वीची स्मरणिका फार तर साठ-सत्तर पानांची असते. एक माणूस मूळ पानावर बोट ठेवून वाचतो, दुसरा नव्या पडद्यावर चुका सुधारतो. दोन-तीन संध्याकाळी दिल्या की दिवंगत सभासदांची नावे पुन्हा कोणत्याही मोबाइलवर वाचता येतात. जुना संगणक चालू आहे तोवरच हे काम सोपे आहे.